बाजू ठरलेली आहे, आता निवडणूक कशी पाहायची?

वाचकांचे प्रश्न : अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक

या वेळच्या पत्रांमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे चाहते आहेत, तसेच रिपब्लिकन पक्षाचेही आहेत. तटस्थ कुणीच नाही, आणि त्यात गैर काही नाही. बाजू असलेला माणूसच पहाटे उठून पेनसिल्व्हेनियातल्या एखाद्या काउंटीचे (म्हणजे जिल्ह्यासारख्या भागाचे) आकडे तपासतो. पुढची निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ला आहे. तोपर्यंत एक साधी वही ठेवा. कुठलीही मोठी घटना घडण्याआधी त्यात तारखेनिशी लिहून ठेवा : काय दिसलं तर आपल्या उमेदवाराचं बिनसलंय असं मी मानीन? आकडा आल्यानंतर हे ठरवायला बसलं की मन पळवाट शोधतंच. खालच्या उत्तरांत या वहीचा उल्लेख पुन्हा येईल.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये दिवसाला दहा-दहा मतचाचण्या येतात. एकीत आमचा उमेदवार चार टक्क्यांनी पुढे, दुसरीत दोन टक्क्यांनी मागे. मी साहजिकच पहिली धरून बसतो. चाचणी वाचायची रीत काय?

उत्तर : आघाडीचा आकडा सर्वांत शेवटी पाहा. आधी पाहायचं ते असं : लोकांना प्रश्न कोणत्या तारखांना विचारले, किती जणांना विचारले, ते जण कोण होते आणि चाचणीचे पैसे कुणी दिले.

तारीख म्हणजे प्रसिद्धीची तारीख नव्हे. गुरुवारी उमेदवारांची वादचर्चा झाली आणि शुक्रवारी चाचणी छापून आली, पण प्रश्न सोमवार ते बुधवार विचारले होते, तर त्या चाचणीत वादचर्चेचा मागमूसही नसतो. तरी दोन्ही बाजूंचे लोक तिच्यावरून भांडत बसतात.

संख्येचं गणित पाठ करून ठेवा. हजार जणांच्या चाचणीत चूक सुमारे तीन टक्के इकडे-तिकडे होऊ शकते, सहाशेच्या चाचणीत चार टक्के. पण ही चूक एका उमेदवाराच्या मतांची झाली. दोघांमधल्या फरकाची चूक जवळपास दुप्पट असते, म्हणजे हजारांच्या चाचणीत सहा टक्के. ‘४८ विरुद्ध ४६’ या आकड्यावरून कोण पुढे आहे हे ठरत नाही. त्याहून मोठी फसगत पोटगटांत होते. हजारांमध्ये लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे, मतदार शंभर-सव्वाशे असतात. त्यांच्यापुरती चूक नऊ-दहा टक्क्यांची झाली. ‘लॅटिनो मतदार आपल्याकडे वळले’ अशी बातमी एका चाचणीवरून आली, तर ती वहीत घेऊच नका. चार-पाच चाचण्यांत तेच दिसलं तर घ्या.

मग ते जण कोण होते. सगळे प्रौढ, नोंदणीकृत मतदार आणि मतदानाला जाण्याची शक्यता असलेले मतदार या तीन वेगळ्या चाळण्या आहेत. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे येतो, त्याच्या आसपास बऱ्याच संस्था दुसऱ्या चाळणीवरून तिसरीवर जातात. त्या आठवड्यात आघाडी दोन टक्क्यांनी हलली, तर लोकांचं मत बदललं नसून चाळणी बदलली असण्याचा संभव मोठा. म्हणून एका संस्थेची नवी चाचणी त्याच संस्थेच्या जुन्या चाचणीशी ताडून पाहा. प्रत्येक संस्थेचा स्वतःचा कल असतो. दोन वेगळ्या संस्थांचे आकडे शेजारी ठेवून ‘वाढ झाली’ असं म्हणता येत नाही.

एकच चाचणी उराशी धरण्याचं ताजं उदाहरण २०२४चं आहे. मतदानाच्या तीन दिवस आधी, २ नोव्हेंबरला, आयोवा राज्यात कमला हॅरिस तीन टक्क्यांनी पुढे असल्याची चाचणी आली. घेणारी व्यक्ती होती ॲन सेल्झर, आयोवात वर्षानुवर्षं अचूक ठरलेलं नाव. डेमोक्रॅटिक चाहत्यांनी त्या एका आकड्यावर पूर्ण देशाचा नकाशा रंगवला. ट्रम्प यांनी आयोवा सुमारे तेरा टक्क्यांनी जिंकलं. चाचणी प्रामाणिक होती. विचित्र आकडा लपवून न ठेवता छापणं हेही त्या प्रामाणिकपणातच येतं. चूक ती एकटी उचलणाऱ्यांची.

म्हणून सरासरी पाहा. मात्र सरासरीही कवच नव्हे, कारण सगळ्या चाचण्या एकाच दिशेने चुकू शकतात. २०१६मध्ये अनेक राज्यांतल्या चाचण्यांनी शिक्षणानुसार प्रमाण जुळवलं नव्हतं. पदवीधर लोक चाचणीला जास्त उत्तरं देतात आणि त्यांचा कल डेमोक्रॅटिक उमेदवार हिलरी क्लिंटन यांच्याकडे होता, म्हणून मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया ही तिन्ही राज्यं एकदमच चुकली. २०२०पर्यंत बहुतेकांनी ही दुरुस्ती केली, तरी देशपातळीवरची चूक चाळीस वर्षांतली सर्वांत मोठी निघाली. एखाद्या राज्यात सरासरीने दोन टक्क्यांची आघाडी दिसली, तर वहीत ‘बरोबरी’ असंच लिहा. ती आघाडी आपल्या उमेदवाराची असली तरी.

प्रश्न : आमच्या गटातले लोक म्हणतात की चाचण्यांत विरोधी पक्षाची माणसं जास्त घेतलेली असतात, ते प्रमाण दुरुस्त केलं की आपणच पुढे. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. हा मोह प्रत्येक निवडणुकीत मागे पडलेल्या बाजूला होतो. वय, शिक्षण, वंश यांचं लोकसंख्येतलं प्रमाण जनगणनेवरून कळतं, म्हणून ते जुळवता येतं. ‘तुम्ही स्वतःला कोणत्या पक्षाचे मानता?’ याचं उत्तर मात्र मनःस्थितीनुसार बदलतं. ते मतासारखंच आहे. ते जुळवणं म्हणजे निकाल स्वतःच ठरवून घेणं.

२०१२मध्ये रिपब्लिकन चाहत्यांनी नेमकं हेच केलं. मिट रॉम्नी अपक्ष मतदारांत पुढे दिसत होते, म्हणून ते जिंकणारच असा हिशेब मांडला गेला. रॉम्नी अपक्षांत खरोखरच पुढे राहिले. मतदान केंद्राबाहेरच्या चाचणीत ५० विरुद्ध ४५. तरी देशात ते जवळपास चार टक्क्यांनी हरले. पूर्वी स्वतःला रिपब्लिकन म्हणवणारे बरेच जण आता ‘अपक्ष’ सांगत होते, आणि मत पूर्वीच्याच पक्षाला देत होते. ओबामांना ३३२ इलेक्टर मिळाले. (इलेक्टर म्हणजे अध्यक्ष निवडणारे राज्यवार प्रतिनिधी. बहुतेक राज्यांत ते सगळे राज्य जिंकणाऱ्याला मिळतात. एकूण ५३८, जिंकायला २७० लागतात.) त्या रात्री ओहायोचा निकाल जाहीर झाल्यावर रिपब्लिकन रणनीतीकार कार्ल रोव्ह यांनी फॉक्स न्यूजच्या थेट प्रक्षेपणातच त्यावर आक्षेप घेतला. निकाल बरोबरच होता.

चाचण्या चुकत नाहीत असं आम्ही म्हणत नाही. २०१२मध्ये त्या ओबामांना कमी दाखवत होत्या, २०१६ आणि २०२०मध्ये ट्रम्प यांना. चूक कोणत्या दिशेला होणार हे आधी कळत नाही, एवढंच. आणि प्रचार कार्यालयातून ‘आतली चाचणी’ म्हणून जो आकडा बाहेर सोडतात, त्यातून आघाडीचे चार-पाच टक्के सरळ वजा करा. वाईट आलेली आतली चाचणी कुणी बाहेर सोडत नाही.

प्रश्न : २०१६मध्ये माझी उमेदवार देशात सुमारे २८ लाख ७० हजार मतांनी पुढे असूनही हरली. मग देशपातळीवरचा आकडा पाहायचाच नाही का?

उत्तर : पाहायचा, पण त्याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवूनच. तो असा काढा. राज्यं एका उमेदवाराच्या मताधिक्याच्या टक्केवारीनुसार उतरत्या क्रमाने लिहा, प्रत्येकापुढे त्याचे इलेक्टर लिहा आणि वरून बेरीज करत या. ज्या राज्यापाशी बेरीज २७० ओलांडते किंवा गाठते, ते निर्णायक राज्य. त्या राज्यातलं मताधिक्य आणि देशातलं मताधिक्य यांतला फरक म्हणजे नकाशाचा कल.

२०१६मध्ये क्लिंटन देशात २.१ टक्क्यांनी पुढे होत्या, निर्णायक विस्कॉन्सिनमध्ये ०.८ टक्क्यांनी मागे. नकाशा जवळपास तीन टक्क्यांनी ट्रम्प यांच्या बाजूने कललेला होता. २०२०मध्ये बायडेन देशात साडेचार टक्क्यांनी पुढे, पण विस्कॉन्सिनमध्ये जेमतेम ०.६ टक्क्यांनी, म्हणजे कल जवळपास चार टक्क्यांवर गेला. ७० लाख मतांनी जिंकलेली ती निवडणूक ॲरिझोनातल्या १०,४५७, जॉर्जियातल्या ११,७७९ आणि विस्कॉन्सिनमधल्या २०,६८२ मतांवर तोललेली होती. २०२४मध्ये मात्र हा कल जवळजवळ नाहीसा झाला : ट्रम्प देशात दीड टक्क्याने पुढे, निर्णायक पेनसिल्व्हेनियात १.७ टक्क्यांनी. आणि २०१२मध्ये तर तो डेमोक्रॅटिक बाजूला होता. ओबामांना देशात ३.९ आणि निर्णायक कोलोरॅडोत ५.४ टक्क्यांची आघाडी होती. ‘डेमोक्रॅटिक उमेदवाराला देशात तीन टक्क्यांची आघाडी लागतेच’ असं सूत्र घोकून ठेवलं असेल, तर ते पुसून टाका. कल दर वेळी नव्याने काढावा लागतो.

२०२८लाही इलेक्टरांची वाटणी २०२४सारखीच आहे, म्हणून पुढचं गणित तसंच्या तसं वापरता येईल. चुरशीची सात राज्यं : पेनसिल्व्हेनिया १९, जॉर्जिया १६, नॉर्थ कॅरोलिना १६, मिशिगन १५, ॲरिझोना ११, विस्कॉन्सिन १०, नेवाडा ६. एकूण ९३. ती बाजूला काढली तर २०२४च्या निकालाप्रमाणे डेमोक्रॅटिक पक्षाकडे २२६ आणि रिपब्लिकन पक्षाकडे २१९ उरतात. डेमोक्रॅटिक पक्षाला ४४ हवेत : पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन मिळून बरोबर ४४ होतात. रिपब्लिकन पक्षाला ५१ हवेत : पेनसिल्व्हेनिया, जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलिना मिळून बरोबर ५१. दोन्ही वाटा पेनसिल्व्हेनियातून जातात.

त्या २२६मध्ये नेब्रास्कातल्या ओमाहा भागाचा एक इलेक्टर धरलेला आहे, कारण मेन आणि नेब्रास्का ही दोनच राज्यं आपले काही इलेक्टर मतदारसंघवार देतात. हा एक जरी निसटला तरी पहिल्या वाटेचा शेवट २६९–२६९ असा होतो. मग निवड प्रतिनिधिगृहाकडे जाते आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत असतं; २६ राज्यं मिळवणारा अध्यक्ष होतो. सप्टेंबर २०२४मध्ये नेब्रास्काची ही पद्धत बदलण्याचा जोरदार प्रयत्न झाला होता, तो याच हिशेबाने. तो फसला.

प्रश्न : वादचर्चा आमच्या उमेदवाराने जिंकली असं त्याच रात्रीची चाचणी सांगते, आणि तरी शेवटी पराभव होतो. असं का?

उत्तर : कारण ‘कोण चांगलं बोललं’ आणि ‘मत कुणाला’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सीएनएनच्या त्याच रात्रीच्या चाचणीत २०१२ची पहिली वादचर्चा रॉम्नी यांनी ६७ विरुद्ध २५ अशी जिंकली, २०१६ची पहिली क्लिंटन यांनी ६२ विरुद्ध २७, सप्टेंबर २०२४ची हॅरिस यांनी ६३ विरुद्ध ३७. तिघेही निवडणूक हरले. ही चाचणी वादचर्चा पाहणाऱ्यांचीच असते, आणि पाहणारे म्हणजे बहुतांशी ज्यांचं आधीच ठरलंय ते.

नंतरच्या आठवड्यात मतचाचण्या हलतात, त्यातही एक खोच आहे. उमेदवाराची रात्र वाईट गेली की त्याचे समर्थक हिरमुसतात आणि चाचणीवाल्यांना उत्तर देणं टाळतात. दुसऱ्या बाजूचे उत्साहाने बोलतात. आकडा पाच टक्क्यांनी सरकतो, मतं तेवढी सरकलेली नसतात. २०१२च्या ऑक्टोबरमधल्या रॉम्नी यांच्या उसळीचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना तिचा मोठा भाग असाच भासमान आढळला. म्हणून वादचर्चेनंतर आठ-दहा दिवस वही बंद ठेवा.

अपवाद २७ जून २०२४च्या बायडेन-ट्रम्प वादचर्चेचा. त्या रात्रीनंतर मतचाचण्या फार थोड्या हलल्या, पण बायडेन यांच्या स्वतःच्या पक्षातल्या नेत्यांचा धीर सुटला आणि चोविसाव्या दिवशी, २१ जुलैला, त्यांनी माघार घेतली. वादचर्चेचा परिणाम मोजताना मतदारांइतकंच पक्षातल्या आमदार-खासदारांच्या जाहीर वक्तव्यांकडे पाहावं, ते यासाठी.

प्रश्न : प्रायमरीच्या काळात आमचा उमेदवार मोठमोठी राज्यं जिंकतो आणि तरी मागे पडतो. डेलिगेटचं गणित समजावून सांगाल का?

उत्तर : प्रायमरी म्हणजे पक्ष आपला उमेदवार ठरवतो ते राज्यवार मतदान. त्यात राज्य जिंकण्याला बातमीपुरतं महत्त्व आहे. मोजायचे ते डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, आणि त्यांतही दोघांमधला फरक.

डेमोक्रॅटिक पक्षात डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटतात, मात्र १५ टक्क्यांखाली राहिलेल्याला काहीच मिळत नाही. ही अट राज्यभरासाठी वेगळी आणि प्रत्येक मतदारसंघासाठी वेगळी लागू होते. दोघांतच लढत असेल तर चार डेलिगेटच्या मतदारसंघात कुणी साडेबासष्ट टक्के ओलांडत नाही तोवर वाटणी दोन-दोनच राहते. साठ टक्के मिळवूनही हाती फायदा शून्य. पाच डेलिगेटच्या मतदारसंघात ५१ टक्क्यांनाही तीन-दोन असा एकाचा फायदा होतो. प्रचारकांचे दौरे विषम संख्येच्या मतदारसंघांत का वाढतात, ते यावरून कळेल.

५ फेब्रुवारी २००८चं उदाहरण आजही सर्वांत बोलकं आहे. हिलरी क्लिंटन यांनी न्यू जर्सी हे मोठं राज्य ५९ विरुद्ध ४८ डेलिगेटने जिंकलं, फायदा ११. त्याच दिवशी ओबामांनी चिमुकल्या आयडाहोचा कॉकस (मतपेटीऐवजी पक्षाच्या बैठकांतून होणारी निवड) १५ विरुद्ध ३ असा जिंकला; फायदा १२. क्लिंटन यांच्या समर्थकांच्या तोंडी न्यू जर्सी होतं, आघाडी ओबामांची वाढत होती. महिन्याभराने टेक्ससमध्ये तर प्रायमरी क्लिंटन यांनी जिंकली आणि प्रायमरी-कॉकस मिळून डेलिगेट ओबामांना जास्त मिळाले, ९९ विरुद्ध ९४.

रिपब्लिकन पक्षाचे नियम राज्याराज्यात वेगळे आहेत आणि ते आधी वाचल्याशिवाय अंदाज बांधू नये. २०१६मध्ये साउथ कॅरोलिनात ट्रम्प यांना साडेबत्तीस टक्केच मतं पडली, पण तिथले सर्वच्या सर्व ५० डेलिगेट त्यांना मिळाले. विरोधी मतं चार-पाच जणांत फुटलेली असताना अशा नियमांत पहिला येणारा फार लवकर हाताबाहेर जातो. ‘दोन तृतीयांश लोक त्याच्या विरोधात आहेत’ हे तेव्हा खरं असूनही कामाचं नव्हतं.

प्रश्न : ‘विक्रमी निधी जमला’ अशी बातमी वाचून आनंद मानावा का?

उत्तर : एवढ्यावरून नको. निवडणुकीच्या वर्षात अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या समित्या फेडरल इलेक्शन कमिशनकडे दर महिन्याच्या २० तारखेला आदल्या महिन्याचा हिशेब देतात. त्यात जमा रकमेच्या आधी महिनाअखेरची शिल्लक पाहा, मग देणी, मग खर्चाची जमेशी तुलना. सलग दोन महिने जमेपेक्षा खर्च जास्त आणि शिल्लक घटती असेल, तर कार्यालयं बंद होण्याच्या बातम्या लवकरच येतात. दोनशे डॉलरपर्यंतच्या देणग्या देणाऱ्यांची एकूण रक्कम वेगळी दिलेली असते. हे लोक पुन्हा पुन्हा देऊ शकतात. कमाल मर्यादा गाठलेला मोठा देणगीदार त्या लढतीपुरता संपलेला असतो. २०२४ला ही मर्यादा प्रायमरीसाठी ३,३०० डॉलर आणि मुख्य निवडणुकीसाठी पुन्हा ३,३०० डॉलर होती.

सुपर पॅकचा (उमेदवारापासून वेगळं राहून त्याच्यासाठी खर्च करणाऱ्या गटाचा) पैसा उमेदवाराच्या पैशाइतका मोलाचा नसतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. मुख्य निवडणुकीआधीचे ६० दिवस आणि प्रायमरीआधीचे ४५ दिवस टीव्ही केंद्रांना उमेदवाराकडून आपला सर्वांत कमी दर घ्यावा लागतो. सुपर पॅकला ही सवलत नाही; त्याच तीस सेकंदांना त्याला कितीतरी जास्त मोजावे लागतात. शिवाय जाहिरात कशी करायची हे उमेदवाराच्या माणसांशी संगनमत करून ठरवायला त्याला मनाई आहे. २०१६मध्ये रिपब्लिकन इच्छुक जेब बुश यांच्यामागच्या सुपर पॅकने दहा कोटी डॉलरहून अधिक जमवले. बुश यांनी २० फेब्रुवारीला माघार घेतली तेव्हा त्यांच्याकडे चार डेलिगेट होते.

प्रश्न : माझा मुलगा एच-वन-बी व्हिसावर अमेरिकेत आहे. त्याला आवडत्या उमेदवाराला पंचवीस डॉलर द्यायचे आहेत. चालेल का?

उत्तर : नाही, एक डॉलरही नाही. देणगी फक्त अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक देऊ शकतात. उमेदवाराच्या अधिकृत दुकानातली टोपी किंवा टी-शर्ट विकत घेणं हीसुद्धा पूर्ण किमतीची देणगीच धरली जाते, हे त्याला आवर्जून सांगा. इथेच लोक नकळत अडकतात. दुसऱ्याच्या नावाने देणंही बेकायदा आहे. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून फोन करणं, घरोघर पत्रकं वाटणं, सभेला जाणं चालतं. मतदार नोंदणीच्या अर्जावर मात्र सही करू नये, कुणी कितीही आग्रह केला तरी. नागरिक नसलेल्याने मत देणं हा गुन्हा आहे आणि त्यातून देशाबाहेर काढलं जाऊ शकतं.

ज्यांना देणगी देता येते त्यांनी पैसे भरताना पानाच्या तळापर्यंत जावं. दर महिन्याला किंवा दर आठवड्याला तीच रक्कम कापण्याच्या चौकटीत आधीच खूण केलेली असू शकते. ‘आज रात्री बारापर्यंत द्या, पाचपट भर घालू’ या संदेशावर विसंबू नका. वरच्या मर्यादा लक्षात घेतल्या तर अशी पाचपट भर घालणारा देणगीदार कायद्यात बसवणंच कठीण आहे.

प्रश्न : मतदानाच्या दिवसाआधीच टपाली आणि मुदतपूर्व मतांचे पक्षवार आकडे येतात. त्यांवरून निकाल कळतो का?

उत्तर : ते आकडे मतांचे नसतात. मत देणारा कोणत्या पक्षाचा म्हणून नोंदलेला आहे एवढंच त्यांत असतं, आणि तेही पेनसिल्व्हेनिया, नेवाडा, ॲरिझोना, नॉर्थ कॅरोलिना अशा राज्यांतच. जॉर्जिया, मिशिगन, विस्कॉन्सिन इथे मतदाराची पक्षनिहाय नोंदणीच होत नाही. तिथले ‘पक्षवार’ आकडे म्हणजे कुणाचा तरी अंदाज. २०२०मध्ये डेमोक्रॅटिक मतदार टपालाकडे वळले आणि रिपब्लिकन मतदान केंद्रावर गेले. २०२४मध्ये रिपब्लिकन पक्षाने स्वतःच मुदतपूर्व मतदानाचा आग्रह धरला. त्यामुळे दोन निवडणुकांची तुलनाच होत नाही. जो आज मत देतो तो मतदानाच्या दिवशी पुन्हा देणार नसतो, हे उत्साहाच्या भरात विसरलं जातं.

प्रश्न : निकालाच्या रात्री पडद्यावरचे आकडे सतत उलटसुलट होतात. २०२०ला आमचा उमेदवार पेनसिल्व्हेनियात सहा लाखांहून जास्त मतांनी पुढे होता आणि शेवटी हरला. ती रात्र नीट कशी पाहायची?

उत्तर : आधी तुमच्या पेनसिल्व्हेनियाचं. तिथे टपाली पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी उघडायला कायद्याने बंदी आहे. केंद्रांवरची मतं रात्री मोजून झाली, लाखो पाकिटं पुढचे दिवस उघडत राहिली, आणि त्या वर्षी टपाली मतं मोठ्या प्रमाणात डेमोक्रॅटिक होती. बायडेन यांचं अंतिम मताधिक्य ८०,५५५. मतं सगळी ३ नोव्हेंबरपर्यंत दिलेलीच होती. फक्त मोजण्याचा क्रम तसा होता. विस्कॉन्सिनमध्येही हाच नियम आहे, शिवाय मिलवॉकी शहराची टपाली मतं एका ठिकाणी मोजून मध्यरात्रीच्या सुमारास एकगठ्ठा जाहीर होतात. फ्लोरिडा उलट टपाली मतांची तयारी आधीच करून ठेवतं, म्हणून तिथे निकाल झपाट्याने येतो. वहीत प्रत्येक राज्यापुढे एवढंच लिहून ठेवा : आधी कोणती मतं येणार, नंतर कोणती.

मतदान संपण्याच्या वेळा, पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाने : संध्याकाळी सात वाजता जॉर्जिया, साडेसातला नॉर्थ कॅरोलिना, आठला पेनसिल्व्हेनिया आणि मिशिगनचा बहुतेक भाग, नऊला विस्कॉन्सिन आणि ॲरिझोना, दहाला नेवाडा. भारतातून पाहणाऱ्यांनी त्यात साडेदहा तास मिळवावेत. जॉर्जियातलं मतदान बुधवारी पहाटे साडेपाचला संपतं. फ्लोरिडाचा पश्चिम टोकाचा भाग एक तास मागच्या घड्याळावर चालतो. २०००मध्ये वाहिन्यांनी तिथलं मतदान संपण्याआधीच राज्य डेमोक्रॅटिक उमेदवार अल गोर यांना देऊन टाकलं, मग मागे घेतलं, मग रिपब्लिकन जॉर्ज बुश यांना दिलं, तेही मागे घेतलं. अंतिम फरक ५३७ मतांचा निघाला.

राज्याच्या बेरजेकडे पाहू नका, काउंटीकडे पाहा. मोजणी जवळजवळ पूर्ण झालेली काउंटी निवडा आणि तिथलं मताधिक्य मागच्या निवडणुकीशी ताडा. २०२४मध्ये व्हर्जिनियातली लाउडन काउंटी संध्याकाळीच बोलली : बायडेन तिथे सुमारे २५ टक्क्यांनी पुढे होते, हॅरिस १६-१७ टक्क्यांनी. सुशिक्षित, सुखवस्तू उपनगरात एवढी घसरण म्हणजे पुढची रात्र डेमोक्रॅटिक पक्षाला जड जाणार हे तिथेच दिसलं. पण एकाच काउंटीवर भिस्त ठेवू नका. २०२०मध्ये फ्लोरिडातल्या मायामी-डेडमध्ये डेमोक्रॅटिक आघाडी २९ टक्क्यांवरून सातवर कोसळली आणि चाहत्यांनी रात्री आठ-नऊलाच हाय खाल्ली. ती घसरण तिथल्या क्युबन मतदारांमुळे प्रामुख्याने होती. विस्कॉन्सिनला ती लागू नव्हती, आणि बायडेन जिंकले. म्हणून तीन प्रकारच्या काउंट्या आधीच निवडून ठेवा : एक मोठं शहर, एक उपनगर, एक ग्रामीण. तिन्ही एकाच दिशेला सरकल्या तरच निष्कर्ष काढा. पेनसिल्व्हेनियातल्या एरी आणि नॉर्थॅम्प्टन या दोन काउंट्या जरूर घ्या. २०१६, २०२० आणि २०२४ तिन्ही वेळा त्यांनी विजेत्यालाच कौल दिला. त्यांना भविष्यवेत्ते मात्र समजू नका. इंडियानातली व्हायगो काउंटी १९५६पासून २०१६पर्यंत एकदाही चुकली नव्हती. २०२०मध्ये चुकली.

दुपारी फुटणाऱ्या एक्झिट पोलच्या आकड्यांपासून लांब राहा. २००४मध्ये ते जॉन केरी यांना पुढे दाखवत होते, बुश २.४ टक्क्यांनी जिंकले. दुपारपर्यंतचा नमुना अर्धवट असतो आणि त्याची जुळवणी रात्री खऱ्या मतांशी ताडूनच होते.

निकाल त्याच रात्री लागेल असं धरून चालू नका. २०२४मध्ये असोसिएटेड प्रेसने विजेता ६ नोव्हेंबरला पहाटे ५:३४ला जाहीर केला, २०२०मध्ये मतदानानंतर चौथ्या दिवशी.

प्रश्न : आमचा उमेदवार एखाद्या राज्यात वीस हजारांनी मागे असेल, तर फेरमोजणीची आशा धरावी का?

उत्तर : धरू नये. विस्कॉन्सिनमध्ये २०१६ला संपूर्ण फेरमोजणी झाली. ट्रम्प यांचं मताधिक्य १३१ मतांनी वाढलं. २०२०ला ट्रम्प यांच्या प्रचार समितीने सुमारे तीस लाख डॉलर भरून मिलवॉकी आणि डेन या दोन काउंट्यांची फेरमोजणी करून घेतली; बायडेन यांचं मताधिक्य ८७ मतांनी वाढलं. यंत्रांनी मोजलेल्या कागदी मतपत्रिका पुन्हा मोजल्या की फरक शेकड्यांत पडतो, हजारांत नाही, आणि तो कुणाच्या बाजूने पडेल हेही सांगता येत नाही. काही शेकड्यांचा फरक असेल तर जरूर जागे राहा. त्याहून जास्त असेल तर त्या राज्यापुढे वहीत निकाल लिहून टाका. पुढच्या तारखाही तिथेच नोंदवा : इलेक्टरांचं मतदान १९ डिसेंबर २०२८ला, संसदेतली मोजणी ६ जानेवारीला, शपथविधी २० जानेवारीला.